एका बँडसाठी चौदा महिने

"बँड आला का गं?" हा प्रश्न मला आई चौदा महिने फोनवर विचारत होती, आणि शेजारच्या काकूंनी तो भिंतीपलीकडून ऐकून ऐकून शेवटी विचारलंच म्हणे, पोरीचं ठरलंय का कुठं. लग्न-बिग्न काही नाही हो. बँड म्हणजे जेलवरची, म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळी करायच्या लिबलिबीत थरावरची, एक काळी आडवी रेघ, नखाएवढी पण नाही. तेवढी दिसावी म्हणून मी पीएचडीचं एक अख्खं वर्ष आणि वर दोन महिने घातले. ते कसे गेले ते लिहून ठेवते, कारण "मस्क्युलर डिस्ट्रोफीवर औषध सापडलं" असा फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतंच आणि दरवेळी काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही.

मी मूळची इस्लामपूरची, सध्या बंगळूरला. आमची लॅब ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफीवर, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या आजारावर, काम करते. हा आजार जवळपास सगळा मुलग्यांनाच होतो, कारण जनुक एक्स क्रोमोझोमवर आहे आणि मुलग्यांकडे एक्स एकच. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. पोरगं तीन-चार वर्षांचं होईपर्यंत घरच्यांना फार काही कळत नाही, मग पडायला लागतं, जिना चढताना कठडा धरतं, खाली बसलं की स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढल्यासारखं उठतं (ह्याला गॉवर्स साइन म्हणतात, १८७९ साली लंडनच्या एका डॉक्टरनं नीट लिहून ठेवलेलं). उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आतबाहेर व्हीलचेअर येते, आणि पुढं हृदय आणि श्वासाचे स्नायू.

स्नायूत डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रोटीन असतं. स्नायूच्या पेशीचा आतला सांगाडा आणि तिची बाहेरची पातळ कातडी ह्यांना ते बांधून ठेवतं. स्नायू दिवसभर आखडतो-सैल होतो, त्याचा हिसका हे प्रोटीन सोसतं. ते नसलं की दर हिसक्याला कातडी थोडी थोडी फाटते, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आतला माल रक्तात गळतो. म्हणून ह्या मुलांचं सीके (स्नायूतून रक्तात गळणारं एक एन्झाइम) तपासलं की आकडा हजारांत येतो, कित्येकदा दहा हजाराच्या वर, जिथं तुमचंआमचं दोनशेच्या आत असतं. स्नायूला स्वतःच्या दुरुस्तीच्या पेशी असतात, सॅटेलाइट सेल म्हणतात त्यांना, त्या बिचाऱ्या बरीच वर्षं डागडुजी करतात पण एकीकडं भरायचं आणि दुसरीकडं फाटायचं असं किती दिवस चालणार, हळूहळू स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरत जातात.

माझ्या कामाची सुरुवात लॅबमध्ये झालीच नाही, हॉस्पिटलमध्ये झाली. आम्हाला एका ठरावीक बिघाडाच्या मुलाची त्वचा हवी होती आणि मंगळवारच्या ओपीडीत तसं एक कुटुंब आलं, बेळगावकडचं, घरात मराठी बोलणारं. संमतीपत्र कन्नडमध्ये होतं, इंग्रजीत होतं, मराठीत नव्हतं. गाईड म्हणाले तू कर. एथिक्स कमिटीकडून ते पास होऊन यायला सात आठवडे गेले, पण खरा वेळ माझा एका वाक्यावर गेला. "ह्या संशोधनाचा तुमच्या मुलाला थेट फायदा होणार नाही." इंग्रजीत हे वाक्य मी शंभरदा वाचलेलं, काही वाटलं नव्हतं. मराठीत लिहिल्यावर ते त्या मुलाच्या आईसमोर वाचून दाखवताना माझीच जीभ अडखळली.

त्या म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. दुसऱ्या कुणाच्या पोराला तर व्हईल की." मग थोडं थांबून, "पण ताई, झालंच काही तर सांगशीला न्हवं?" मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं बहुतेक.

वडील म्हणत होते की ह्याच्या पोटऱ्या बघून गावात सगळे म्हणायचे पैलवान होणार पोरगा. खरंच टणटणीत होत्या. ह्या आजारात पोटऱ्या अशाच फुगतात आणि लोक फसतात. मुलगा सात वर्षांचा, एकदम बडबड्या. दंडाला बधीर करून तीन मिलीमीटरचा तुकडा काढला तेव्हा एकदाच ओरडला, मग मला विचारतो, माझी कातडी तुमच्याकडं वाढणार, मग ती माझ्याएवढी होणार का. मी म्हटलं बघू.

आता बिघाड काय होता ते. डिस्ट्रोफिनचं जनुक हे माणसातल्या सगळ्यात लांब जनुकांपैकी, बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं. पेशीला ते एकदा नुसतं वाचून काढायलाच सोळा तास लागतात. त्यातली कामाची अक्षरं ७९ तुकड्यांत विखुरलेली, त्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. ह्या मुलात ४८, ४९ आणि ५० नंबरचे तीन तुकडे गायब होते. आता गंमत अशी की तीन तुकडे गेल्यानं एवढं बिघडत नाही, बिघडतं ते उरलेलं वाचता न आल्यानं, कारण पेशी तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचते.

माझ्या आईला मी हे असं सांगितलं होतं: "मदन गरम वरण बघत." सगळे तीन अक्षरी शब्द. आता त्यातला "ग" गेला आणि पेशीनं तीन-तीननंच वाचायचं ठरवलं तर? "मदन रमव रणब घत." पुढचं सगळं बोंबललं. पण "ग"च्या जोडीला आपण मुद्दाम "रम" पण काढून टाकलं तर उरतं "मदन वरण बघत." वरण गार झालं, पण वाक्य लागतं की नाही? एक्सॉन स्किपिंग म्हणजे एवढंच. ४८, ४९, ५० मिळून १८६ अधिक १०२ अधिक १०९, म्हणजे ३९७ अक्षरं गेली, तिनानं भाग जात नाही, एक उरतो. एक्सॉन ५१ आहे २३३ अक्षरांचा. तोही झाकून टाकला तर ६३०, पूर्ण भाग. मग मधून आखूड पण दोन्ही टोकं शाबूत असलेलं प्रोटीन बनतं.

आणि आखूड प्रोटीन चालतं ह्याला पुरावा आहे. १९९० साली इंग्लंडमधून एक केस छापून आली, माणसाच्या जनुकातला डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग गायब, आणि तो ६१ व्या वर्षी चालत होता. जवळजवळ अर्धं प्रोटीन नाही आणि माणूस चालतोय! मला कंटाळा आला की मी तो पेपर उघडून बसायचे.

तर त्वचेचा तुकडा. तो बारीक कापून प्लेटमध्ये चिकटवायचा, मग आठ-दहा दिवसांनी कडेनं लांबट पेशी सरपटत बाहेर यायला लागतात. पण ह्या त्वचेच्या पेशी, ह्या डिस्ट्रोफिन बनवतच नाहीत. स्नायूचा तुकडा मागता आला असता, पण हल्ली निदान रक्तातल्या जनुक तपासणीवरच होतं, त्यामुळं बायोप्सी फारशा होत नाहीत आणि नुसत्या संशोधनासाठी लहान पोराचा स्नायू कापा असं म्हणायला तोंड होत नाही, तो आधीच तुटपुंजा. म्हणून मायोडी नावाचं जनुक. १९८७ साली सिअ‍ॅटलच्या लॅबमध्ये दिसलं की हे एकच जनुक उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशीत (त्वचेतून सरपटत येतात तसल्याच) चालू केलं की ती स्नायू व्हायला लागते. एक बटण! मी शाळेत शिकले होते की पेशी एकदा काय व्हायचं ते ठरलं की ठरलं. असो, आम्ही ते जनुक व्हायरसमधून पेशीत घालतो, मग खुराक कमी करतो (वीस टक्के सीरमवरून दोन टक्के घोड्याच्या सीरमवर, हो घोड्याच्याच) आणि उपाशी पेशी एकमेकींना चिकटून लांब नळ्या बनवतात, मायोट्यूब.

वाचायला सोपं वाटतंय ना. सहाव्या दिवशी सगळ्या नळ्या प्लेटवरून सोलून निघाल्या, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशा. मीडिया (पेशींचं खाद्यपाणी) बदलताना पिपेटचा जरा धक्का लागला आणि अख्खी चादर गुंडाळत वर आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा प्लेटवरचा चिकट थर जिलेटिनचा बदलून लॅमिनिनचा लावला, मीडिया अर्धाच बदलायला लागले, भिंतीवरून थेंब थेंब सोडायला लागले, तेव्हा कुठं दहा दिवस टिकल्या. आमच्या लॅबमधली सीनियर, तिला सगळे अक्का म्हणतात, ती म्हणायची पेशींशी बोल. मी मराठीत बोलायचे. एकदा शिव्या पण दिल्या.

मग मायकोप्लाझ्मा. हा जंतू इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पेशी फक्त मलूल दिसतात आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात वाईट. तपासणीत पॉझिटिव्ह आलं तेव्हा इन्क्युबेटरमधलं सगळं फेकावं लागलं, माझ्याबरोबर आणखी दोघांचं. दोन महिने गेले. त्या मुलाच्या पेशी मी सुरुवातीलाच लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या म्हणून वाचले, नाहीतर परत जाऊन त्या बाईंना काय सांगितलं असतं, तुमच्या पोराची कातडी माझ्याकडून कुजली?

आरएनएचं (पेशीनं काढलेली जनुकाची नक्कल) काम त्या मानानं पटकन झालं. एक्सॉन ५१ झाकणारा रेणू पेशीत सोडला, दोन दिवसांनी आरएनए काढून पीसीआर केलं, तर नेहमीच्या बँडच्या खाली एक नवा बँड, बरोबर २३३ अक्षरांनी छोटा. मी त्या दिवशी सगळ्यांना म्हैसूरपाक दिला. गाईडनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले छान, पण आरएनएनं पोरगं चालत नाही, प्रोटीन दाखव.

आणि प्रोटीन दाखवणं हेच ते चौदा महिने.

डिस्ट्रोफिन आहे ४२७ किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं माप). आम्ही लॅबमध्ये बाकी जी प्रोटीनं बघतो ती चाळीस, साठ, फार तर शंभर. नेहमीच्या दाट जेलमध्ये हे धूड वरच्या तोंडाशीच अडकून बसतं. त्याला एकदम विरळ जेल लागतं, तीन ते आठ टक्क्यांचं, इतकं लिबलिबीत की उचलताना फाटतं (चार फाटली). मग जेलमधून ते पडद्यावर उतरवायचं, तर बाकीची प्रोटीनं तासाभरात उतरतात, हे रात्रभर घेतं, कोल्ड रूममध्ये, चार डिग्रीत, कमी व्होल्टेजवर. आणि कोल्ड रूमचा सॉकेट असा की बाकी कुणी काही लावलं की ट्रिप व्हायचा. सकाळी सात वाजता जाऊन बघावं तर पॉवर सप्लायवर शून्य.

पहिले पाच महिने निरोगी माणसाच्या नमुन्यात पण काही दिसलं नाही. जिथं असायलाच हवं तिथंच नाही म्हटल्यावर मुलाच्या नमुन्याचं काय बोलणार. कारण सापडलं ते बावळटासारखं होतं. मी नमुने सवयीनं ९५ डिग्रीला उकळत होते. एवढं मोठं प्रोटीन तसं उकळलं की गोळे होतात आणि जेलमध्ये शिरतच नाही. अक्कानं सहज विचारलं किती तापमान, मी सांगितलं, तिनं कपाळाला हात लावला. सत्तर डिग्री, दहा मिनिटं. पाच महिन्यांचं उत्तर एका वाक्यात. हे कुठल्याही पेपरात लिहिलेलं नसतं असं नाही, बारीक अक्षरात असतं, मी वाचलं नव्हतं.

मग अँटीबॉडी (डिस्ट्रोफिनलाच चिकटून बँड दाखवणारा रेणू) परदेशातून मागवली ती विमानतळावर कागदासाठी नऊ दिवस अडकली, बॉक्स आला तेव्हा आतला बर्फ कधीच संपलेला. ती कंपनी म्हणे आमची जबाबदारी नाही, कुरिअरवाला म्हणे आमची पण नाही. परत ऑर्डर, परत सहा आठवडे.

शेवटी एका गुरुवारी सकाळी पडदा मशीनमध्ये ठेवला, निरोगी नमुन्यात जाड काळा बँड, उपचार न दिलेल्या मुलाच्या नमुन्यात काही नाही, आणि उपचार दिलेल्यात... मी आधी स्क्रीन पुसली. मग एक्सपोजर दहा सेकंदांवरून दोन मिनिटांवर नेलं. होता. फिकट, धुरकट, पण योग्य जागी. मी कोल्ड रूमच्या बाहेर उभी राहून घरी फोन लावला, "आई, आला बँड!" मागून बाबा विचारताहेत कुणाची वरात.

गाईडचा पहिला प्रश्न: किती टक्के? आणि इथं मला कळलं की खरी भानगड आत्ता सुरू होतेय. टक्के काढायचे म्हणजे निरोगी प्रोटीन मुलाच्या प्रोटीनमध्ये मिसळून एक टक्का, दोन टक्के, पाच टक्के, दहा टक्के अशी शिडी करायची, त्याच जेलवर चालवायची आणि आपला बँड कुठल्या पायरीला बसतो ते बघायचं. पहिल्या वेळी माझा तीन आणि पाचच्या मध्ये बसला. दुसऱ्या वेळी, त्याच पेशींचा, नऊ. तिसऱ्या वेळी दिसलाच नाही. निरोगीचा बँड जास्त एक्सपोज होऊन चेपला गेला की आपला आकडा आपोआप फुगतो, आणि तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसतं. आणि निरोगी म्हणजे तरी कोण? दोन निरोगी माणसांत पण डिस्ट्रोफिन सारखं नसतं.

हे सगळं करून झाल्यावर मी २०१६ ची गोष्ट परत वाचली. एक्सॉन ५१ वरचं पहिलं औषध, एटेप्लिर्सेन, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएसमोर आलं होतं. मुख्य अभ्यासात मुलं फक्त बारा. तज्ज्ञ समितीतल्या जास्त लोकांनी विरोधात मत दिलं, सभागृह आईबापांनी आणि व्हीलचेअरवरच्या पोरांनी भरलेलं, आणि भांडण बरंचसं कशावरून, तर वेस्टर्न ब्लॉटवरून, म्हणजे ह्याच बँडच्या तपासणीवरून! आधीचे ब्लॉट नीट नव्हते म्हणून परत करायला लावले. साडेतीन वर्षं औषध घेतलेल्या मुलांत डिस्ट्रोफिन निरोगीच्या सरासरी ०.९३ टक्के निघालं, आणि दुसऱ्या एका अभ्यासात ४८ आठवड्यांत ०.१६ वरून ०.४४. टक्के हं, अर्ध्याच्या आत. तरी सप्टेंबरमध्ये सशर्त मंजुरी मिळाली, वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात किंमत. आधी हे वाचताना मी तावातावानं एक बाजू घ्यायचे. आता मला फक्त तो ०.४४ टक्क्यांचा बँड मोजणाऱ्या माणसाची कोल्ड रूम दिसते. आणि हे औषध लागू पडतं ते ह्या आजाराच्या साधारण १३ टक्के मुलांना, कारण बाकीच्यांचे तुकडे वेगळे.

माझ्या प्लेटमधले तीन, पाच, नऊ टक्के बघून कुणी हुरळू नये, प्लेटमध्ये पेशींवर औषध थेट ओतता येतं, शरीरात शिरेतून दिलेलं बहुतेक लघवीवाटे निघून जातं आणि हृदयापर्यंत तर फारच थोडं पोचतं. सध्या बऱ्याच लॅब ह्याच कामाला लागल्यात, रेणूला काहीतरी शेपूट जोडून तो स्नायूत जास्त कसा शिरेल ते बघायचं.

मध्यंतरी त्या मुलाच्या आईचा फोन आला. कुणीतरी त्यांना एका क्लिनिकचं सांगितलं होतं, स्टेम सेलची सुई, सहा डोस, काही लाख रुपये, शेत गहाण टाकायचा विचार चालला होता. मी एरवी सल्ले देत नाही, पण तिथं स्पष्ट बोलले: आयसीएमआरच्या नियमात ह्या आजारासाठी असली सुई मंजूर नाही, चाचणीच्या बाहेर पैसे घेऊन देणंच चूक आहे, आणि खऱ्या चाचणीत पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. त्यांनी विचारलं मग अमेरिकेची ती एकदाच घ्यायची जीन थेरपी? ती २०२३ ला आली. जनुकाची कामाची अक्षरं अकरा हजार, आणि व्हायरसच्या डब्यात मावतात पाच हजाराच्या आत, म्हणून कापूनकापून छोटं केलेलं डिस्ट्रोफिन भरतात, त्या ६१ वर्षांच्या माणसावरूनच सुचलेली कल्पना. किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर. आणि २०२५ मध्ये व्हीलचेअरवरची दोन मुलं ती घेतल्यावर लिव्हर निकामी होऊन गेली. हे मी सांगितलं. सांगायला हवं होतं. पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग मी विचारलं डिफ्लाझाकोर्टची स्टेरॉइड गोळी वेळेवर चालू आहे ना, परस्पर बंद करायची नाही, वर्षाला हृदयाचा एको करताय ना, रात्रीचे घोट्याचे स्प्लिंट घालतोय का. घालत नाही म्हणे, टोचतात. त्यावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो, आतून सुती मोजे घालायचे वगैरे, आणि मला वाटतं त्या फोनमधला सगळ्यात कामाचा भाग तोच होता.

बँडचं मी सांगितलं का? सांगितलं. म्हटलं, ताई, दिसला थोडा. त्या म्हणाल्या म्हणजे चांगलं का. मी म्हटलं, चांगलं, पण फक्त प्लेटमधलं.

मग पोरानं फोन हिसकावला. आता तो नऊचा आहे, जिना सोडलाय त्यानं, आवाज तसाच खणखणीत. "माझी कातडी केवढी झाली?"

मी फ्रीझरची वही उघडून मोजलं. एकवीस ट्यूब.

"म्हणजे माझ्याएवढी?"

"तेवढी नाही रे अजून."

"मग वाढवा की," म्हणाला आणि फोन ठेवला.